बाबांचं आतड्याचं ऑपरेशन, इस्टिमेटमधली 'आयसीजी'ची ओळ आणि आईचा प्रश्न: "परत लाईट?"

तलावपाळी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. एरवी मी पाककृती विभागाबाहेर फारशी फिरकत नाही, पण आज तुमची मदत हवी आहे.

बाबा ६६ वर्षांचे. जूनमध्ये गुदाशयात गाठ निघाली, गुदद्वारापासून साधारण सात सेंटीमीटरवर. मग केमोच्या गोळ्या आणि पंचवीस वेळा लाईट, म्हणजे रेडिएशन, झाली. गाठ बरीच आक्रसली आहे. आता २४ तारखेला दुर्बिणीने ऑपरेशन. आज हॉस्पिटलने इस्टिमेट दिलं. खोली, ओटी, भूल, स्टेपलर वगैरे ठीक, पण मध्येच एक ओळ आहे, 'आयसीजी इमेजिंग', आणि पुढे पाच आकडी रक्कम. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो हिरवा कॅमेरा असतो, हल्ली सगळे घेतात." सर्जन म्हणाले, "रक्तपुरवठा दिसतो, जोड चांगला बसतो." बाहेर वीस पेशंट ताटकळलेले, मी उठले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "परत लाईट? पंचवीस झाल्या ना?" तिला काही सांगता आलं नाही, कारण मलाच कळलेलं नाही.

हा प्रकार नक्की काय आहे? त्याने जोड सुटायचा धोका खरंच कमी होतो का? आणि नको म्हटलं तर काही बिघडतं का? बाबांना मधुमेह आहे आणि क्रिएटिनिन थोडं वर असतं. हॉस्पिटल ठाण्यातलंच आहे, नाव मुद्दाम देत नाही, कृपया कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका.

अण्णा_नौपाडा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

"हल्ली सगळे घेतात" हे वाक्य कानावर आलं की पाकिटावर हात ठेवावा. माझ्या मेव्हण्याचं आतडं १९९४ साली कापून जोडलं. ना कॅमेरा, ना हिरवं, ना पिवळं. गडी अजून रविवारी मामलेदारची तिखट मिसळ खातो.

बाबांना माझ्या शुभेच्छा. ती ओळ मात्र खोडायला सांगा.

ट्रान्सहार्बर | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

महाप्याच्या एमआयडीसीत लेन्स आणि सेन्सरच्या धंद्यात आहे. वैद्यकातलं मला कळत नाही, उजेडाचं तेवढं सांगतो.

आईंना आधी सांगा, ही ती लाईट नव्हे. रेडिएशनची लाईट एक्स-रेच्या जातीची, पेशी मारण्यासाठीच दिलेली. ही टीव्हीच्या रिमोटच्या जातीची. रिमोटचं बटण दाबून त्याच्या पुढच्या बारीक बल्बकडे पाहा, काही दिसणार नाही. मोबाईलचा कॅमेरा लावून पाहा, बहुतेक फोनवर जांभळट ठिपका लुकलुकेल. कॅमेऱ्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही.

आता दुसरा भाग. वाण्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना? त्याखाली नोटेवरचे आकडे झळाळतात. ती शाई अतिनील उजेड पिते आणि वेगळ्याच रंगाचा उजेड बाहेर टाकते. घरी बघायचं तर चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून त्याच दिव्याखाली धरा, पेटल्यासारखी हिरवट-पिवळी दिसेल. याला प्रतिदीप्ती म्हणतात. इंग्रजीतलं 'फ्लुओरेसन्स' हे नाव स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८५२ साली दिलं. यातली कामाची गोष्ट अशी की घेतलेला उजेड आणि दिलेला उजेड वेगवेगळा असतो, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे गाळणी लावून फक्त 'दिलेला' तेवढा टिपता येतो.

आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन हा रंग. कोडॅक या फोटोच्या कंपनीने १९५५ च्या सुमारास काढलेला. हा साधारण ८०० नॅनोमीटरचा उजेड घेतो आणि ८३० च्या आसपासचा देतो. आपला डोळा ७०० च्या पुढे जवळपास आंधळा. मग मुद्दाम तिथेच का? कारण रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पाणी, दोघंही या पट्ट्यातला उजेड फारसा खात नाहीत. त्यामुळे काही मिलिमीटर आतलंही दिसतं. अंधारात टॉर्चवर बोटं धरली की लाल दिसतात, त्याच्याच पुढची पायरी.

आणि गंमत सांगू? पडद्यावरचा हिरवा खोटा असतो. ८३० नॅनोमीटरला आपल्या लेखी रंगच नाही, तो सॉफ्टवेअर भरतं. उद्या कंपनीने ठरवलं तर गुलाबी दाखवेल.

राजमाची_रिटर्न्स | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

म्हणजे काजवाच की! ऑपरेशनच्या दा विंची रोबोटवर या सोयीचं नावही 'फायरफ्लाय' आहे.

ट्रान्सहार्बर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

नाव गोड आहे, पण चुकीचं. काजवा पोटातल्या रसायनांतून स्वतःचा उजेड करतो. हा उसना घेऊन परत करतो. चंद्र म्हणाल तर तोही नाही, चंद्र आला तोच उजेड पाठवतो, हा बदलून देतो. (लोकलमधून लिहितोय, ऐरोली गेलं, थांबतो.)

भूलचूक_देणेघेणे | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

नवी मुंबईत भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या मध्यात हा रंग शिरेतून आम्हीच देतो, म्हणून माझी भर.

छोटी बाटली असते, २५ मिलिग्रॅम गडद हिरवी पूड. निर्जंतुक पाण्यात विरघळवायची आणि सहा तासांत वापरायची. एका वेळी ५ ते १० मिलिग्रॅम पुरतात. सर्जन "द्या" म्हणाले की द्यायचं, मागून सलाईन ढकलायचं, आणि मग ओटीतले सगळे पडद्याकडे बघतात, वॉर्डबॉयसुद्धा. अर्धा ते एक मिनिट अंधार, आणि मग आतडं उजळत जातं. कितीही वेळा पाहिलं तरी मान वळतेच.

हा रंग रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, म्हणून नसांमध्येच राहतो. यकृत तो उचलून पित्तात टाकतं. तीन-चार मिनिटांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मूत्रपिंडातून तो जात नाही, तेव्हा क्रिएटिनिनचा धसका या बाबतीत नको. सीटी स्कॅनच्या डायबद्दल तुम्हाला भीती घातली असेल, ती वेगळी गोष्ट. ऑक्सिमीटरचा आकडा क्षणभर उगाच खाली येऊ शकतो, ते आम्हाला ठाऊक असतं. नवीन औषध म्हणाल तर तसंही नाही. हृदयाचं आणि यकृताचं काम मोजायला हे १९५० च्या दशकाअखेरीपासून वापरात आहे, आणि डोळ्यांचे डॉक्टर पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला वर्षानुवर्षं वापरतात.

अॅलर्जी क्वचित होते, पण होते. पुडीत थोडं सोडियम आयोडाइड असतं. पूर्वी याच रंगाचा किंवा आयोडाइडचा त्रास झाला असेल तर आधी सांगा.

ऐरोलीची_सुगरण | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:००

माझ्या सासूबाईंना कोळंबी चालत नाही, अंगावर गांध्या उठतात. म्हणजे त्यांना आयोडीनची अॅलर्जी ना? पुढच्या महिन्यात वाशीला त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, तिथेही हाच रंग देणार म्हणतात.

भूलचूक_देणेघेणे | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

हा गैरसमज आपल्या कोकणपट्टीत घरोघरी आहे. कोळंबीची अॅलर्जी तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. आयोडीनचा तिच्याशी संबंध नाही. तरी भूलतज्ज्ञाला सांगाच, माहीत असलेलं बरं.

पित्ताशयात तो रंग का देतात ते आता कळलं असेल. यकृत तो पित्तात टाकतं, म्हणून थोडा आधी दिला की पित्तनलिका उजळते आणि भलती नळी कापली जात नाही.

टाका_दोरा | ५ नोव्हेंबर, रात्री ११:५५

पोटाचा सर्जन आहे. धागाकर्तीच्या हॉस्पिटलशी संबंध नाही. जरा लांब लिहितो.

गुदाशयाची गाठ काढायची म्हणजे वरचं मोठं आतडं खाली ओढून उरलेल्या बुंध्याला जोडायचं. गाठीबरोबर तिच्या लसिका गाठीही निघायला हव्यात, म्हणून त्या भागाला रक्त देणारी मुख्य धमनी मुळाशी बांधावी लागते. आता वरून आणलेल्या आतड्याच्या टोकाला रक्त कुठून येणार? कडेकडेने जाणारी एक बारीक रक्तवाहिनी असते, तिच्यातून, वरच्या दुसऱ्या धमनीकडून. सोसायटीच्या भाषेत सांगतो. तुमच्या विंगेची मेन लाईन कायमची बंद केली, पाणी आता पलीकडच्या विंगेतून गच्चीवरच्या पाइपाने येणार. बहुतेक इमारतींत ते येतं. काहींत शेवटच्या फ्लॅटला नळ नुसता सूं करतो. प्लीहेजवळच्या वळणावर ही वाहिनी काही लोकांत फार बारीक असते, काहींत तुटक. मधुमेह, विडी-सिगारेट, वय, हे त्यात भर घालतात.

ते टोक उपाशी राहिलं तर जोड काही दिवसांनी सुटतो आणि मळ पोटात गळतो. आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त भीती याची. वरच्या आतड्यात हे प्रमाण शेकड्याला दोन-चार. गुदाशयात खाली जाल तसं वाढत दहाच्या पुढेही जातं.

पूर्वी आम्ही काय बघायचो? आतड्याचा रंग, नाडी, कापल्या कडेला लाल रक्त येतं का. अजूनही तेच बघतो. पण सर्जनची नजर किती पक्की, हे नेदरलँड्समध्ये एका गटाने तपासलं होतं, २००९ साली छापून आलं. ऑपरेशन संपताच सर्जनला विचारायचं, हा जोड गळेल का? त्यांचे अंदाज फारसे कामाचे ठरले नाहीत. अनुभवी माणसांचेसुद्धा. वाचताना मला बरं वाटलं नव्हतं.

रंग दिला की कापायच्या जागेआधीच हिरवा थांबलाय की पुढे गेलाय, ते दिसतं. थांबला असेल तर दोन-तीन सेंटीमीटर वर सरकून कापायचं. एवढाच खेळ आहे.

आता बाजू दुसरी, कारण विकणारे ही सांगत नाहीत. "पुरेसा हिरवा" म्हणजे किती, याचं एकमताचं माप नाही. कॅमेरा जवळ नेला की जास्त उजळ दिसतं. फार वेळ थांबलात तर रंग शेजारच्या भागातून झिरपत येतो आणि उपाशी भागही उजळल्यासारखा वाटतो, म्हणून किती सेकंदांत आला ते बघायचं, शेवटी किती झाला ते नाही. पुन्हा तपासायचं तर आधीचा उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आणि रक्त हे गळतीचं एकच कारण आहे. जोडावर ताण, रेडिएशनने शेकलेल्या उती, पोषण, जंतू, यांतलं काहीही हा कॅमेरा दाखवत नाही.

अण्णा_नौपाडा | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

डॉक्टर, प्रामाणिक लिहिलंत, धन्यवाद. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. फरक पडतो की नाही? आकडे द्या.

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१०

औषधांच्या चाचण्यांची गणितं करणं हा माझा पेशा आहे, बेलापूरला बसतो. मोठ्या चाचण्यांपुरतं सांगतो.

सुरुवातीला, २०१५ साली, अमेरिकेत पिलर-२ नावाचा अभ्यास आला. १३९ रुग्ण. त्यातल्या साधारण ८ टक्क्यांत रंग पाहून सर्जनने बेत बदलला आणि गळती फक्त १.४ टक्के. सगळे हुरळले. पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करणारी पिलर-३ आली, २०२१ साली, गुदाशयाच्या खालच्या जोडांवर. रंग दिला त्यांच्यात गळती ९.० टक्के, नाही दिला त्यांच्यात ९.६. म्हणजे जवळपास शून्य फरक. मात्र रुग्ण पुरेसे मिळेनात म्हणून ती मध्येच थांबवली, ३४७ वर.

२०२० साली रशियातली एक चाचणी, ३७७ रुग्ण. तिथे ९.१ विरुद्ध १६.३, आणि फायदा मुख्यतः खालच्या जोडांत. २०२३ साली जपानची इसेन्शियल, साडेआठशे रुग्ण, सगळे गुदाशयाचे. ७.६ विरुद्ध ११.८. आणि २०२४ साली नेदरलँड्सची अव्हॉइड, नऊशेहून जास्त रुग्ण, मोठ्या आतड्याच्या वरच्या-खालच्या सगळ्या भागांची ऑपरेशनं. ७ विरुद्ध ९, हा फरक योगायोगानेही येऊ शकतो इतपतच.

जपानचा आकडा उलटा करून पाहा. ११.८ वजा ७.६ म्हणजे ४.२. साधारण चोवीस जणांना रंग दिला तर एकाची गळती टळते. उरलेल्या तेवीस जणांचं रंगाविनाही तेच झालं असतं. तुमचे बाबा त्या चोविसांत कुठे, हे कोणी सांगू शकत नाही.

टाका_दोरा | ६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

अचूक. यातून मी घेतो ते असं, की वरच्या आतड्यात मुळातच धोका कमी, तिथे फायदा शोधणं म्हणजे भरल्या तलावात बादली ओतून पातळी मोजणं. खाली गुदाशयात फायदा दिसायची शक्यता जास्त.

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४५

हे सोयीचं वाचन झालं, डॉक्टर. पिलर-३ सुद्धा खालच्या जोडांचीच होती आणि तिथे काही दिसलं नाही.

टाका_दोरा | ६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मान्य. अर्धवट थांबलेली चाचणी म्हणून मी तिला कमी वजन देतो, पण तुम्ही म्हणता तसं जपानची आवडली आणि अमेरिकेची नावडली, असं होऊ नये. प्रामाणिक उत्तर हे की खालच्या जोडांत फायद्याकडे कल आहे, खात्री नाही, आणि तोटा जवळपास नाही. माझ्या वडिलांचं असतं तर मी दिला असता. पण "ही सोय नाही म्हणून ऑपरेशन तिथे करू नका" असं कोणाला सांगितलं नसतं. महिन्याला दहा गुदाशयं करणारा बिनकॅमेऱ्याचा सर्जन मला वर्षाला दोन करणाऱ्या कॅमेरावाल्यापेक्षा कधीही चालेल.

अण्णा_नौपाडा | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

मग पैसे वेगळे का? कॅमेरा हॉस्पिटलने विकत घेतलाय ना? उद्या ओटीतल्या दिव्याचं वेगळं बिल लावाल.

सिस्टर_नाईटड्युटी | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

अण्णा, खरं बोललात. रंगाची बाटली काही फार मोठी गोष्ट नाही. आपल्या देशातही बनते, मदुराईच्या ऑरोलॅबची आमच्याकडे येते. महाग तो कॅमेरा आणि त्याचा प्रकाशस्रोत. काही ठिकाणी ते सगळं ओटीच्या भाड्यात धरतात, काही ठिकाणी वेगळी ओळ काढतात. तुम्ही विचारा, "यात बाटली किती आणि कॅमेऱ्याचं भाडं किती?" विचारणाऱ्याचं बिल जरा नीट होतं, हे मी बारा वर्षं पाहतेय.

पिशवीवाला_कळवा | ७ नोव्हेंबर, रात्री ९:००

मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून लिहितो. घाबरवायचा हेतू नाही.

तीन वर्षांपूर्वी माझं हेच ऑपरेशन झालं, एका मोठ्या रुग्णालयात, नाव सोडा. हिरवा कॅमेरा होता. नंतर सर्जनने क्लिप दाखवली, आतडं दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं उजळलेलं. हवेची चाचणीही केली. पोटात पाणी भरायचं, खालून हवा सोडायची आणि बुडबुडे येतात का पाहायचं, पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो तसं. एकही बुडबुडा नाही. सगळं पास. तरी सहाव्या दिवशी ताप, छातीत धडधड, पोट फुगलं. जोड सुटला होता. परत टेबलावर. मग मळासाठी पोटावर पिशवी, आणि ती आठ महिने.

चुकलं कोणाचं असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो की हिरवं दिसलं म्हणून पुढचे दहा दिवस ढिलाई नको. माझ्या वेळी पाचव्या दिवशी नाडी ११० होती आणि ड्युटीवरच्या मुलाने "घाबरल्यामुळे असेल" म्हणून लिहून टाकलं. तिथे माझा एक दिवस गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) करतात का, आणि वाढला तर काय करणार, हे आधी विचारून ठेवा.

आणि पिशवीची जागा ऑपरेशनच्या आधी मार्क करून घ्या, बसवून, उभं करून, वाकवून. लेंग्याची नाडी बाबा कुठे बांधतात ते नर्सला दाखवा. माझी नेमकी नाडीखाली आली होती. ते आठ महिने मी लुंगीत काढले.

तलावपाळी | ७ नोव्हेंबर, रात्री ११:४०

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. पिशवीवाले काका, तुमची पोस्ट वाचून रडू आलं, पण सगळ्यांत उपयोगाची तीच.

सोमवारी परत अपॉइंटमेंट घेतली आहे. काय विचारू?

टाका_दोरा | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते विचारू नका. विचारा, "अंधार दिसला तर काय करणार?"

कारण वर सरकून कापायचं तर आतडं तेवढं लांब हवं, नाहीतर जोडावर ताण येतो. त्यासाठी डावीकडे वर प्लीहेजवळचं वळण सोडवून आतडं मोकळं करावं लागतं. वेळखाऊ काम आहे, प्लीहेला धक्का लागायची भीती असते, म्हणून काही जण ते टाळतात. ज्याने टाळलंय त्याला अंधार दिसूनही फार काही करता येत नाही. मग कॅमेरा नुसता शोभेचा.

ऐरोलीची_सुगरण | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अवांतर होईल, पण याच रंगाने गाठ कुठवर पसरलीय तेही दिसतं का? आणि मूत्रनलिका? माझ्या मावशीची ऑपरेशनमध्ये कापली गेली होती.

टाका_दोरा | ८ नोव्हेंबर, दुपारी ४:००

गाठ नाही. हा रंग कॅन्सरला ओळखत नाही, रक्त जाईल तिथे जातो. गाठीला नेमके चिकटणारे रंग वेगळे. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी असा एक रंग अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाला. आतड्याच्या कॅन्सरसाठी नेदरलँड्समध्ये एकावर चाचण्या चालल्या आहेत.

मूत्रनलिकेचं उत्तर वर भूलतज्ज्ञांनी दिलंच आहे, हा लघवीवाटे जात नाही. खालून नळी घालून मूत्रनलिकेत सोडला तरच ती उजळते. मिथिलीन ब्लू लघवीतून जातं आणि तेही चमकतं, पण त्याला वेगळा कॅमेरा लागतो.

तलावपाळी | १० नोव्हेंबर, रात्री ८:२०

भेटून आले. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. "अंधार दिसला तर" हे वाचल्यावर सर्जन पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणाले, प्लीहेजवळचं वळण ते नेहमीच सोडवतात, लांबी हाताशी असते. तात्पुरती पिशवी ठेवणारच आहेत, कॅमेऱ्यात काहीही दिसलं तरी, कारण जोड खाली आहे आणि लाईट झालेली आहे. तिने गळती थांबतेच असं नाही, पण झाली तर जिवावर बेतायचा धोका कमी होतो. सीआरपी तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी.

बिलाबद्दल विचारलं तर ते स्वतःच ओशाळले, म्हणाले ते माझ्या हातात नाही. बिलिंगला बसून बाटलीचे पैसे ठेवले आणि 'इमेजिंग चार्ज' निम्म्यावर आणला. सिस्टर, तुमचे आभार. टीपीए, म्हणजे विम्याचे दावे बघणारी कंपनी, मात्र तेही द्यायला तयार नाही, 'कन्झ्युमेबल' (वापरून संपणारी वस्तू) म्हणे.

आईला रिमोट आणि मोबाईल घेऊन प्रयोग करून दाखवला. ती दहा मिनिटं बटणं दाबत बसली होती.

तलावपाळी | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

उशिराबद्दल क्षमा. बाबा काल घरी आले.

ऑपरेशनला सहा तास लागले. सर्जनने नंतर क्लिप दाखवली, तुम्हाला सांगायचं म्हणून मी नीट पाहिली. आधी साध्या उजेडात. कापायच्या जागी दोऱ्याची खूण, आतडं दोन्हीकडे गुलाबी. मला तर काहीच वेगळं दिसेना. मग पडदा काळा झाला. कोणीतरी मागे सेकंद मोजतंय. चाळिसाव्याला हिरवं यायला लागलं, वरून खाली, पावसाळ्यात भिंतीवर ओल उतरते तसं. आणि खुणेच्या अलीकडे दोन बोटांवर थांबलं. थांबूनच राहिलं. सर्जन म्हणाले, "डोळ्यांनी मी इथेच कापलं असतं." तीन सेंटीमीटर वर कापलं.

पिशवी आहे. सीआरपी पाचव्या दिवशी उतरला. ताप नाही. गळती नाही.

अण्णा_नौपाडा | ४ डिसेंबर, सकाळी ६:२०

फार बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

डॉक्टर, एक विचारतो, वाद म्हणून नाही. खुणेवरच कापलं असतं तर जोड सुटलाच असता का?

टाका_दोरा | ४ डिसेंबर, सकाळी ७:४५

माहीत नाही, अण्णा. कोणालाच कळणार नाही. न चमकणारं टोक जोडूनही काही जणांचं भरून येतं. काकांचं आकाशकंदिलासारखं चमकूनही सुटलं. ते टोक दिसल्यावर मीही वर सरकलो असतो, आणि रात्री झोपताना मलाही तुमचाच प्रश्न पडला असता.

अण्णा_नौपाडा | ४ डिसेंबर, सकाळी ७:५०

ठीक. इमेजिंग चार्जबद्दलचं माझं मत कायम आहे.

पिशवीवाला_कळवा | ४ डिसेंबर, रात्री ९:१०

बरं वाटलं वाचून. आता कामाचं. लहान आतड्याची पिशवी असेल तर पाणी फार जातं, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस रोज द्या, नुसतं पाणी नको. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, जड झाली की कातडीला चिकटवलेली प्लेट सुटते. कातडी लाल झाली तर पावडर, आणि प्लेटचं भोक मापून कापा, सैल नको. अडलं तर परळला टाटाच्या स्टोमा (म्हणजे या पिशवीच्या) क्लिनिकमध्ये जा, फार माणुसकीने सांगतात. नाडीचं काय झालं?

तलावपाळी | ५ डिसेंबर, दुपारी १२:३०

नाडी दाखवली होती, काका. नर्स हसली, पण जागा दोन बोटं वर घेतली. बाबा लेंग्यातच आहेत.

पिशवी बंद करायचं फेब्रुवारीत बघू म्हणालेत. त्याआधी खालून औषध सोडून जोड तपासणार. आईने लगेच विचारलं, "त्यात लाईट आहे का?" आहे म्हटलं, एक्स-रेची. या वेळी खरंच आहे.